प्रार्थना करूनही भीती जात नाही, तेव्हा

शहादा तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलगा सुरतला कापड मार्केटमध्ये कामाला आहे. त्याने फोन उचलला नाही की अपघातच झाला असणार असं वाटतं, छाती धडधडते, मग लागोपाठ वीस-वीस फोन केले जातात. वर्षभरापासून प्रकाशा गावाजवळचा तापीवरचा पूल ओलांडवत नाही. पूल खचेल, बस नदीत जाईल, या भीतीने नंदुरबारला जाणंच बंद झालं आहे. दिवसातून कितीतरी वेळा प्रार्थना करूनही भीती जात नाही. मंडळीतले (चर्चमधले) काहीजण म्हणतात विश्वास कमी पडतो, जाऊबाई म्हणतात कुणी काहीतरी केलं असेल.

ताई, आधी त्या विश्वासाच्या शेऱ्याचं बघू, कारण तो मनात घर करून बसला तर पुढचं काहीच कामी येणार नाही. भीती वाटणं हा अविश्वासाचा पुरावा नाही. बायबलमधल्या करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रात, ७व्या अध्यायात, प्रेषित पौल लिहितो की मासेदोनियात आल्यावर बाहेर भांडणं होती आणि आत भीती होती. फिलिप्पैकरांच्या ज्या पत्रात ‘कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका’ असं आहे, त्याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात तो म्हणतो की आजारातून उठलेल्या एपफ्रदीताला मी तुमच्याकडे पाठवतोय, म्हणजे माझाही जीव थोडा हलका होईल. दाविदाचं ५६वं स्तोत्र पलिष्ट्यांनी त्याला गथ इथे धरलं त्या वेळचं. तिसऱ्या वचनात तो म्हणतो, भीती वाटेल तेव्हा मी तुझ्यावर भाव ठेवीन. चौथ्यात म्हणतो, मी भिणार नाही. दोन्ही वाक्यं एकाच माणसाची, एकाच प्रसंगातली. आणि मंडळीतल्या भावा-बहिणींनी मार्क ४ पुन्हा वाचावं. वादळात येशूने आधी वारा शांत केला (३९वं वचन) आणि ‘तुम्ही का भ्यालात’ हे त्यानंतर विचारलं (४०वं वचन). घाबरलेल्या माणसाशी बोलताना हा क्रम सोडू नये.

आता भीतीकडे. नीतिसूत्रांच्या २२व्या अध्यायात दहा वचनांच्या अंतराने दोन माणसं भेटतात. तिसऱ्या वचनातला शहाणा संकट येताना पाहतो आणि आडोशाला जातो. तेराव्यातला आळशी म्हणतो, ‘बाहेर सिंह आहे’, आणि घरीच बसतो. शास्त्र पहिल्याच्या भीतीला शहाणपण म्हणतं, दुसऱ्याच्या नाही. आपल्या शहादा-तळोदा पट्ट्यात उसात बिबट्या असतो हे खरंच आहे. रात्रीच्या लाइटीवर पाणी भरायला जाणारा शेतकरी बॅटरी घेतो, काठी घेतो, सोबतीला कुणीतरी घेतो, बोलत-खाकरत जातो आणि पाणी भरून घरी येतो. भीती त्यालाही असते. पण खरी भीती काहीतरी ठरावीक काम सांगते आणि ते केलं की गप्प बसते. फुगलेली भीती एक तर कामच सांगत नाही, नाहीतर कधी न संपणारं काम सांगते: अजून एक फोन लाव, अजून एकदा खात्री कर.

ही कसोटी मुलाच्या बाबतीत लावून बघा. करण्याजोगी कामं मोजकी आहेत. त्याच्या शेठचा आणि रूमवरच्या एका मित्राचा नंबर घरात लिहून ठेवणं, गाडी चालवताना हेल्मेट घालायला सांगणं, घरचा नंबर आणि रक्तगट लिहिलेली चिठ्ठी त्याच्या पाकिटात ठेवायला लावणं. ही एका संध्याकाळची कामं झाली. ती करून टाका. त्यानंतर भीती जे मागेल ते तिसऱ्या वचनातलं शहाणपण नाही, तेराव्यातला सिंह आहे.

भीती फुगते कशी, हे गणना या पुस्तकाच्या १३व्या अध्यायात बारकाईने दिसतं. इस्राएलाचे बारा हेर चाळीस दिवस एकाच देशात फिरले, तीच नगरं पाहिली, द्राक्षांचा तोच घड दोघांनी काठीवर वाहून आणला. दहाजण म्हणाले, तिथली माणसं राक्षसासारखी आहेत, त्यांच्यापुढे आम्ही आमच्याच नजरेत टोळांसारखे होतो आणि त्यांनाही तसेच दिसलो. त्यांना आपण कसे दिसलो, हे त्यांनी तिथे कुणालाही विचारलेलं नव्हतं. त्या लोकांच्या मनात खरं काय होतं, ते चाळीस वर्षांनी यहोशवाच्या दुसऱ्या अध्यायात त्याच देशातली राहाब सांगते: तुमच्याविषयी ऐकून या देशातल्या सगळ्यांच्या काळजाचं पाणी झालंय. म्हणजे भीतीच्या हिशेबात तीन चुका झाल्या होत्या. धोका मोठा धरला, स्वतःला लहान धरलं, आणि देवाला हिशेबात घेतलंच नाही. उरलेले दोन हेर, कालेब आणि यहोशवा, यांनी तटबंदी नाकारली नाही, तिसरी रक्कम मांडली.

म्हणून शंभर पानी वही घ्या. भीती आली की तीन ओळी लिहायच्या. ‘मला काय होईल असं वाटतंय’ ही पहिली. दुसरी, ‘मला आत्ता नक्की काय माहीत आहे’. तिसरी, ‘तसं झालंच तर देव आणि त्याची माणसं कुठे असतील’. दुसऱ्या ओळीवर जास्त वेळ द्या. ‘त्याचा अपघात झाला’ हे तिथे बसत नाही. ‘दुपारी सव्वाबाराला त्याने फोन उचलला नाही’ एवढंच बसतं. फिलिप्पै ४:८ मध्ये मनात काय घोळवावं याची यादी आहे आणि तिच्यात सगळ्यात आधी जे सत्य आहे ते येतं. मनात लिहून चालत नाही, वहीतच लिहा. मन दुसऱ्या ओळीत पहिली ओळ घुसडतं, कागदावर ती चोरी लगेच दिसते.

छातीत धडधड, हाताला मुंग्या, घशाशी आवंढा, ‘आता मी मरते’ असं वाटणं, हे भीतीच्या वेळी शरीरात सुटणाऱ्या ॲड्रेनालिनचं काम आहे. शरीर पळायला तयार होतं आणि पळायचं कुठेच नसतं. हा जोर साधारण दहा मिनिटांत शिगेला पोचतो आणि बहुतेक वेळा अर्ध्या तासात ओसरतो, तुम्ही काही केलं नाही तरी ओसरतो. मुंग्या येतात त्या भराभर श्वास घेतल्यामुळे. चार आकडे मोजत श्वास घ्या, सहा मोजत सोडा, पाच मिनिटं.

आता प्रार्थनेबद्दल, कारण तुमच्या पत्रातली मुख्य गाठ मला इथे दिसते.

दिवसातून अनेकदा जी प्रार्थना होते, तिच्यात नक्की काय मागितलं जातं ते बघा. ‘प्रभू, तो बरा आहे ना? काही झालं नाही ना? मला खूण दे.’ त्याने घटकाभर बरं वाटतं. मग शंका परत येते आणि पुन्हा तेच. कुणी वचनकार्ड (बायबलचं वचन छापलेली चिठ्ठी) काढतं, ते समाधानाचं निघालं नाही तर दुसरं काढतं. कुणी डोळे मिटून पवित्र शास्त्राचं पान उघडतं आणि बोट पडेल त्या वचनात मुलाची खुशाली शोधतं. हे प्रार्थनेच्या रूपात लावलेले तेच वीस फोन आहेत. दर वेळी जी सुटका वाटते ती मनाला शिकवते, ‘मी असं केलं म्हणून तो वाचला’. मग पुढच्या वेळी न करण्याची हिंमत होत नाही. अशाने प्रार्थना भीतीची चाकर होते, आणि जितकी जास्त कराल तितकी भीती धष्टपुष्ट होते.

मत्तय ४ मध्ये सैतान येशूला ९१वं स्तोत्र ऐकवतो, संरक्षणाचं सगळ्यांचं लाडकं स्तोत्र: उडी टाक, दूत तुला झेलतील, खात्री करून घे. येशू अनुवाद या पुस्तकातलं वचन सांगून ते नाकारतो: देवाची परीक्षा पाहू नको. वचन तेच असतं. त्याच्या जोरावर पित्याकडे पुरावा मागायचा, की पुराव्याशिवाय पुढचं पाऊल टाकायचं, इथे वाट फुटते.

पहिल्या शमुवेलाच्या पहिल्या अध्यायातली, मूल नसलेली हन्ना इथे नीट बघण्यासारखी आहे. तिने रडून, मन ओतून प्रार्थना केली, इतकी की एली याजकाला ती प्यालेली वाटली. मग १८वं वचन सांगतं की ती आपल्या वाटेने गेली, जेवली, आणि तिचा चेहरा पुन्हा उदास दिसला नाही. त्या क्षणी तिच्या हातात काहीच नव्हतं, तिचा मुलगा शमुवेल पुढे झाला. पण प्रार्थना संपली आणि ती जेवायला बसली.

तुम्हीही प्रार्थना अशी संपणारी करा. भीतीचं नाव घ्या, मागणं मागा, आज घडलेल्या एका खऱ्या गोष्टीबद्दल आभार माना, आणि आपण आता कोणतं काम करणार ते देवाला सांगा. उदाहरणार्थ: ‘प्रभू, मुलाने फोन उचलला नाही म्हणून माझं काळीज उडालंय. तो तुझ्या हातात आहे, त्याला सांभाळ. सकाळी तो पोटभर जेवून निघाला, तुझे आभार. आता मी भाकरी टाकायला घेते. आमेन.’ आमेननंतर उठायचं आणि भाकरीच टाकायची. तोच विषय घेऊन पुन्हा गुडघ्यावर जायचं नाही. मन ओढ घेईल, त्याला सांगा, ‘सांगून झालंय, संध्याकाळी बघू.’ सुरुवातीचे चार-पाच दिवस हे देवाला सोडल्यासारखं वाटेल, अपराधी वाटेल. ते वाटू द्या. तो भीतीचाच शेवटचा जोर असतो.

संध्याकाळचं म्हणजे असं: रोज ठरलेल्या वेळी, समजा साडेपाचला, पंधरा मिनिटं खुर्चीवर बसून काळजीची वही उघडायची. अंथरुणात नाही. दिवसभरात टाळून ठेवलेल्या काळज्या तेव्हा वाचायच्या. ज्यावर आज काही करता येतं त्यापुढे काम लिहायचं, बाकीच्यांवर एक प्रार्थना करून वही बंद. गजर लावा, कारण पंधराचे पन्नास व्हायला वेळ लागत नाही. निर्गम १६ मधला मान्ना, देवाने रानात दिलेलं अन्न, रोज दिवसापुरताच गोळा करायचा होता. उद्यासाठी राखून ठेवला त्यात किडे पडले. उद्याच्या अपघाताला लागणारं बळ आज मिळत नाही, म्हणून आज त्याचा विचार करताना आपण इतके मोकळ्या हाताने उभे असतो. मत्तय ६:३४ म्हणतं, ‘ज्या दिवसाचे दुःख त्या दिवसाला पुरे’.

फोनचं वेळापत्रक मुलाशी बोलून ठरवा. रात्री नऊला त्याचा एक मेसेज किंवा फोन. दिवसा तुम्ही एकदा फोन लावायचा; उचलला नाही तर पहिल्या आठवड्यात पंधरा मिनिटं थांबायचं, दुसऱ्यात अर्धा तास, तिसऱ्यात एक तास, चौथ्यात संध्याकाळपर्यंत. थांबताना वहीत तीन रकाने भरा: काय वाटलं, प्रत्यक्षात काय निघालं, तो तेव्हा काय करत होता. ‘गठ्ठे उतरवत होतो’, ‘चार्जिंग नव्हतं’, ‘शेठ समोर होता’. महिन्याने ते पान पहिल्यापासून वाचा. इथे हमखास होणारी चूक म्हणजे स्वतः फोन न लावता यजमानांना किंवा धाकट्या मुलीला लावायला सांगणं, नाहीतर व्हॉट्सॲपवर तो शेवटचा कधी दिसला ते तपासत राहणं. तोही फोनच झाला, वहीत तसाच मोजा.

पुलासाठी मात्र शिडी लागेल. भीतीला शून्य ते दहा गुण द्या आणि खालच्या पायरीपासून वर या. पहिली पायरी, दिवसा पुलाच्या अलीकडे सुरक्षित जागी उभं राहून पुलाकडे बघणं, वीस-तीस मिनिटं, गुण निम्म्यावर येईपर्यंत. दुसरी, यजमानांच्या मोटरसायकलवर पूल ओलांडून परत येणं, एकाच फेरीत तीन-चार वेळा. तिसरी, सोबत घेऊन एसटीने नंदुरबारला जाऊन येणं. चौथी, सोबत मागच्या सीटवर आणि तुम्ही खिडकीत, नदीकडे बघत. पाचवी, एकटीने. पायी पूल ओलांडायची पायरी मुद्दाम ठेवलेली नाही. उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि ट्रक कठड्याला घासून जातात, तिथली भीती खरी आहे. पावसाळ्यात तापी फुगून प्रशासनाने पूल बंद केला असेल तर तेव्हाही जायचं नाही. ते नीतिसूत्रे २२:३.

एका पायरीवर गुण दोनदा लागोपाठ तीन किंवा कमी आले की वरची पायरी. आठवड्यातून चार-पाच वेळा झालं पाहिजे. पंधरा दिवसांनी एकदा केलं तर दर वेळी नव्याने सुरुवात होते. भीती शिगेला असताना गाडीवरून उतरू नका, कारण तेव्हा उतरलात तर शरीर एवढंच शिकतं की उतरल्यामुळे जीव वाचला. आणि बहुतेकांचं जिथे फिसकटतं ते असं: डोळे गच्च मिटून, पदर तोंडावर घेऊन, २३वं स्तोत्र पुलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पुटपुटत जाणं. पूल ओलांडला जातो, पण मन म्हणतं स्तोत्र थांबलं असतं तर पडलोच असतो. २३वं स्तोत्र दरीतून चालताना माझ्यासोबत कोण आहे ते सांगतं, दरीकडे बघू नको असं सांगत नाही. म्हणून बसण्याआधी ५६व्या स्तोत्राचं तिसरं वचन एकदा, मोठ्याने. मग डोळे उघडे, हात मोकळे, पाणी बघायचं, कठड्याचे खांब बघायचे.

झोप आणि जेवण या बाबतीत १ राजे १९ पुरेसं आहे. ईजबेल राणीच्या धमकीने पळालेला संदेष्टा एलीया रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडला. देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून जेवू घातलं. ‘मी एकटाच उरलो’ या त्याच्या बोलण्याला देवाने उत्तर दिलं ते पुढे होरेबावर, आणि आकडा सांगितला सात हजार. तेव्हा अशक्तपणात उपास-प्रार्थना सध्या नको, दुपारी चारनंतर चहा नको, रात्रीचं जेवण चुकवू नका.

आता तुम्ही विचारला नाहीत, पण आत असणारच असा प्रश्न. खरंच काही झालं तर? यावर ‘काही होणार नाही, प्रभू आहे’ असं खोटं आश्वासन मी देणार नाही. विश्वासणाऱ्यांची मुलंही अपघातात जातात. दानीएलाच्या तिसऱ्या अध्यायात शद्रख, मेशख आणि अबेदनगो राजाला सांगतात की आमचा देव आम्हाला सोडवायला समर्थ आहे, आणि न सोडवलं तरी आम्ही तुझ्या मूर्तीपुढे वाकणार नाही. ‘न सोडवलं तरी’ हे शब्द ज्याच्या विश्वासात बसतात, त्याच्याकडून भीतीला उकळायला काही उरत नाही. हे एका दिवसात जमत नाही, म्हणून यावर जबरदस्तीही करू नका. रोमकरांस ८:३८-३९ आठवडाभर रोज सावकाश वाचा. त्यात मरणाचं नाव यादीत सगळ्यात आधी आहे.

जाऊबाईंच्या बोलण्याबद्दल थोडक्यात. करणीच्या संशयाने भीतीला माणसाचा चेहरा मिळतो आणि शेजारची एखादी बाई डाकीण ठरते. ते खोटी साक्ष देण्याचं पाप आहे, आणि २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हाही. भगताकडे उतारा करू नका. मंडळीतल्या कुणी हात ठेवून प्रार्थना केली तर चांगलंच आहे, पण ‘आत्मा काढतो’ म्हणून कुणी मारझोड केली, उपाशी ठेवलं किंवा गोळ्या बंद करायला लावल्या तर तिथून उठून या.

वर्षभर हे चाललंय, म्हणून डॉक्टरांना दाखवणं टाळू नका. थायरॉइड वाढलेलं असलं किंवा हिमोग्लोबिन कमी असलं तरी अशीच धडधड होते. या दोन रक्ततपासण्या आणि एक ईसीजी शहाद्यातच होतील. झोपेच्या गोळ्या मेडिकलवरून आपल्या मनाने आणू नका, त्यांची सवय लागते. मानसोपचारतज्ज्ञांनी गोळ्या दिल्या तर त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि त्या एकदम सोडायच्या नसतात. पौलाच्या सोबत्यांत लूक वैद्य होता, आणि तीमथ्याच्या पोटाच्या दुखण्यावर पौलाने उपायही सुचवला. नंदुरबारच्या जिल्हा रुग्णालयात जायचं तर मध्ये पूल आहे, तोवर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत नंबरवर दिवसा-रात्री मराठीत बोलता येतं. जगणं नको असे विचार आले तर मात्र शिडी वगैरे बाजूला ठेवून त्याच दिवशी घरच्यांना सांगा आणि हा नंबर लावा.

मुलाला हे वाचायला द्या. त्याने दर फोनवर ‘मी बरा आहे, काळजी करू नको’ असं दहादा म्हणणं थांबवावं, रागावणंही थांबवावं. एकदा ‘बरा आहे’ म्हणून त्याने विचारावं, ‘आई, आज किती वेळ थांबलीस?’ पाळकसाहेबांनाही सांगा की भेटीत भीती गेली का हे विचारण्याऐवजी या आठवड्यात कोणती पायरी झाली ते विचारा, आणि पहिल्यांदा एसटीने पूल ओलांडायचा असेल त्या दिवशी त्यांच्या घरून कुणी सोबत येईल का ते आत्ताच ठरवून ठेवा.